टास्कबारवरील अवशिष्ट चिन्हे

संगणकाच्या पडद्याच्या कडेला असणाऱ्या टास्कबार या पट्टीवरील काही चिन्हे, ती ज्या कार्यक्रमांची असतात ते कार्यक्रम बंद पडल्यानंतर किंवा संगणकातून काढून टाकल्यानंतरही मागे राहतात. अशा चिन्हांना अवशिष्ट चिन्हे म्हणतात. टास्कबारवरील चिन्ह ही एखाद्या कार्यक्रमाविषयी दुसऱ्याच एका कार्यक्रमाने ठेवलेली नोंद असते. मूळ कार्यक्रम नाहीसा झाला व नोंद तशीच राहिली, की अवशिष्ट चिन्ह निर्माण होते. या नोंदी एकाच जागी नसून संगणकाच्या स्मृतीत, शॉर्टकट फाइलींत व रजिस्ट्रीत अशा निरनिराळ्या ठिकाणी ठेवलेल्या असतात. त्यामुळे चिन्ह कोणत्या नोंदीतून उद्भवले आहे, हे ओळखल्याशिवाय त्याचे योग्य निराकरण करता येत नाही. या लेखात मुख्यत्वे मायक्रोसॉफ्ट कंपनीच्या विंडोज या परिचालन प्रणालीतील टास्कबारचा विचार केला असून तुलनेसाठी अन्य प्रणालींचा थोडक्यात उल्लेख केला आहे.

टास्कबारची रचना : विंडोजमधील टास्कबारचे कार्यानुसार तीन भाग पडतात. पहिला भाग स्टार्ट या बटनाचा असून त्यावरून कार्यक्रमांची यादी उघडते. दुसरा, मधला भाग चालू असलेल्या कार्यक्रमांच्या चौकटी दर्शविणाऱ्या बटनांचा असतो. वापरकर्त्याने वारंवार लागणारे कार्यक्रम कायमचे पट्टीवर बसविले असतील, तर त्यांची चिन्हेही याच भागात असतात. अशा रीतीने चिन्ह बसविण्यास पिन करणे असे म्हणतात. तिसऱ्या भागास सूचना क्षेत्र असे नाव असून तो घड्याळालगत असतो. ध्वनीची पातळी, विद्युत् घटाची स्थिती, जालकाशी असलेली जोडणी इ. माहिती देणारी लहान चिन्हे तेथे असतात. मराठी व इंग्रजी असे दोन कळफलक ठेवणाऱ्या वापरकर्त्यास चालू कळफलक दर्शविणारे चिन्हही याच बाजूस दिसते. पार्श्वभूमीवर चालणारे अनेक कार्यक्रम, उदा., विषाणुरोधक कार्यक्रम, फाइलींच्या प्रती दूरस्थ साठ्यात ठेवणारे कार्यक्रम, संदेशवाहक कार्यक्रम इ., आपले अस्तित्व या क्षेत्रातील चिन्हाद्वारे कळवितात.

ही संपूर्ण पट्टी एक्सप्लोरर या कार्यक्रमाकडून रेखाटली व सांभाळली जाते. वापरकर्ता व परिचालन प्रणाली यांच्यामधील बाह्य आवरणाचे काम तो करीत असल्याने त्यास कवच-कार्यक्रम असेही म्हणतात. इतर कार्यक्रम टास्कबारवर स्वतः काहीही रेखाटत नाहीत. ते एक्सप्लोररला विनंती करतात व तो त्यांच्या वतीने चिन्ह दाखवितो. ही मध्यस्थी अवशिष्ट चिन्हांच्या मुळाशी आहे.

इतिहास : बंद न करता बाजूस ठेवलेले कार्यक्रम चिन्हरूपाने दाखविण्याची कल्पना टास्कबारपेक्षा जुनी आहे. विंडोजच्या पहिल्या आवृत्तीत (१९८५) चौकटी एकमेकींवर न ठेवता शेजारीशेजारी मांडल्या जात आणि मिटलेल्या चौकटींची चिन्हे पडद्याच्या तळाशी एका पट्टीत राहत. एकॉर्न कंपनीच्या संगणकांवरील आर्थर या प्रणालीत (१९८७) तळाशी चिन्हपट्टी होती, तर नेक्स्टस्टेप या प्रणालीत (१९८९) पडद्याच्या कडेला डॉक नावाचा चिन्हांचा स्तंभ होता. विंडोज ३·० (१९९०) व ३·१ (१९९२) यांत मिटलेली चौकट पडद्याच्या तळाशी लहान चिन्ह होऊन बसे. हे चिन्ह म्हणजे त्या चौकटीचेच आकुंचित रूप असल्याने चौकट नष्ट झाली की चिन्हही जाई. मात्र इतर चौकटींखाली ती चिन्हे झाकली जात व आपले काम कोठे ‘हरवले’, हे नवख्या वापरकर्त्यास समजत नसे.

२४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ ही आवृत्ती विक्रीस आली व तिच्याबरोबर टास्कबार सर्वसामान्य वापरात आला. सूचना क्षेत्रही याच आवृत्तीत प्रथम आले. या क्षेत्रास अनेक जण ‘सिस्टिम ट्रे’ म्हणतात. परंतु ते त्याचे मूळ अधिकृत नाव नव्हते. विंडोजच्या विकसनात अनेक वर्षे सहभागी असलेले रेमंड चेन यांनी या नावाची हकीकत सांगितली आहे. विंडोज ९५ घडत असताना सुरुवातीस तळाच्या पट्टीस ट्रे म्हणजे तबक असे संबोधले जाई, तसेच ध्वनी, विद्युत् घट इत्यादींची चिन्हे दाखविणाऱ्या लहानशा कार्यक्रमाच्या फाइलीचे नाव ‘सिसट्रे’ असे होते. त्यावरून हे नाव रूढ झाले.

इंटरनेट एक्सप्लोरर ४ (१९९७) व विंडोज ९८ यांच्याबरोबर टास्कबारवर शॉर्टकट ठेवण्याची जागा उपलब्ध झाली. विंडोज एक्सपी (२००१) या आवृत्तीपर्यंत सूचना क्षेत्रातील चिन्हांची गर्दी एवढी वाढली होती, की बराच काळ न वापरलेली चिन्हे आपोआप झाकण्याची सोय करावी लागली. कोणते चिन्ह झाकावे हे ठरविण्यासाठी पूर्वी येऊन गेलेल्या चिन्हांची आठवण ठेवणे आवश्यक झाले आणि अशा रीतीने चिन्हांची कायमस्वरूपी यादी अस्तित्वात आली. विंडोज ७ (२००९) या आवृत्तीत पिन करण्याची पद्धत रूढ झाली व चालू कार्यक्रमांची बटने आणि पिन केलेली चिन्हे एकत्र आली. विंडोज ११ (२०२१) या आवृत्तीत टास्कबारची पुनर्रचना झाली. विंडोज ७ साठी मिळणारे साहाय्य जानेवारी २०२० मध्ये, तर विंडोज १० साठी मिळणारे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. तथापि या आवृत्त्या असलेले संगणक वापरात असल्याने त्यांचाही विचार पुढे केला आहे.

प्रकार : अवशिष्ट चिन्हे मुख्यतः तीन प्रकारची असतात. (१) सूचना क्षेत्रात दिसणारी, परंतु ज्यांचा कार्यक्रम बंद पडला आहे अशी चिन्हे. बोलीभाषेत त्यांना ‘भुताची चिन्हे’ म्हणण्यास हरकत नाही, कारण त्यांच्याजवळ माउसचा दर्शक नेताच ती अदृश्य होतात. (२) पिन केलेली, परंतु ज्यांचा मूळ कार्यक्रम संगणकातून काढून टाकला आहे किंवा अन्यत्र हलविला आहे अशी निराधार चिन्हे. (३) टास्कबारवर प्रत्यक्ष न दिसणारी, परंतु ‘कोणती चिन्हे दाखवावीत’ हे ठरविण्याच्या यादीत वर्षानुवर्षे टिकून राहणारी पूर्वीच्या कार्यक्रमांची नावे.

यांखेरीज एक चौथा प्रकार वरकरणी अवशिष्ट वाटतो. त्यात कार्यक्रम सुस्थितीत असतो, चिन्ह मात्र कोरे, पांढरे किंवा दुसऱ्याच कार्यक्रमाचे दिसते. प्रत्येक वेळी मूळ फाइलीतून चित्र काढावे लागू नये म्हणून विंडोज चित्रांचा एक साठा वेगळ्या फाइलीत ठेवते. तो साठा बिघडला किंवा जुना झाला की असे घडते. येथे नोंद खरी असते व केवळ चित्र चुकीचे असते.

कारणमीमांसा : पहिल्या प्रकाराचे कारण कार्यक्रम व एक्सप्लोरर यांच्यातील व्यवहाराच्या स्वरूपात आहे. सूचना क्षेत्रात चिन्ह हवे असणारा कार्यक्रम एक्सप्लोररकडे एक विनंती पाठवितो. तीत चिन्हाचे चित्र, त्याजवळ दाखवायचा मजकूर आणि माउसने केलेल्या क्रियेची वर्दी ज्या चौकटीस द्यावयाची तिचा क्रमांक असतो. या विनंतीचे मुख्य प्रकार तीन : चिन्ह बसविणे, बदलणे व काढणे. चिन्ह काढण्याची विनंतीही त्या कार्यक्रमानेच करावी, अशी अपेक्षा असते. कार्यक्रम नेहमीच्या मार्गाने बंद झाला, तर तो जाताना ही विनंती करतो. परंतु दोषामुळे तो अकस्मात कोसळला किंवा वापरकर्त्याने टास्क मॅनेजरमधून त्यास सक्तीने थांबविले, तर विनंती करण्यास तो शिल्लकच राहत नाही. कारखान्यातील कामगार न सांगता निघून गेला, तर हजेरीपटावर त्याचे नाव राहते. तशी ही स्थिती असते.

एक्सप्लोरर अशा कार्यक्रमांची सतत विचारपूस करीत नाही. त्याला नोंदीतील चौकटीची गरज केवळ माउसची वर्दी पोहोचविताना भासते. दर्शक चिन्हावर आला की तो त्या चौकटीचा शोध घेतो. ती अस्तित्वात नाही असे आढळल्यास नोंद रद्द करून चिन्ह काढून टाकतो. दर्शक फिरविताच ओळीने चार-पाच चिन्हे नाहीशी होताना दिसतात, त्याचे कारण हेच आहे. वारंवार कोसळणारा व आपोआप पुन्हा सुरू होणारा कार्यक्रम दर वेळी नवे चिन्ह बसवितो व जुने तसेच सोडतो. त्यामुळे एकाच कार्यक्रमाची अनेक चिन्हे एका रांगेत दिसतात. अशी रांग ही त्या कार्यक्रमाच्या बिघाडाची खूण समजावी.

टास्कबारच्या मधल्या भागातील बटनांबाबत हा दोष सहसा आढळत नाही. चौकटी निर्माण करणे व नष्ट करणे हे काम परिचालन प्रणाली स्वतः करते आणि त्याची वर्दी एक्सप्लोररला देते. कार्यक्रम कसाही बंद पडला, तरी प्रणाली त्याच्या चौकटी नष्ट करते व त्यांची बटने जातात. एकाच पट्टीवरील दोन भागांत हा जो फरक दिसतो, तो जाण्याची वर्दी कोणी द्यावयाची यावर अवलंबून असतो.

याच्या उलट प्रकारही घडतो. एक्सप्लोरर स्वतः कोसळला व पुन्हा सुरू झाला, तर त्याच्या स्मृतीतील सर्व नोंदी नष्ट होतात व चालू असलेल्या कार्यक्रमांची चिन्हे दिसेनाशी होतात. यासाठी इंटरनेट एक्सप्लोरर ४ च्या काळापासून टास्कबार नव्याने निर्माण होताच तशी घोषणा सर्व कार्यक्रमांना उद्देशून करण्याची पद्धत आहे. जे कार्यक्रम ती ऐकतात ते आपले चिन्ह पुन्हा बसवितात. ज्यांच्या कर्त्यांनी ही तजवीज केलेली नसते, ते चिन्हावाचून चालू राहतात.

दुसऱ्या प्रकारात पिन केलेले चिन्ह म्हणजे वापरकर्त्याच्या खात्यातील एका विशिष्ट फोल्डरमध्ये ठेवलेली शॉर्टकट फाइल असते. चिन्हांचा क्रम इ. तपशील रजिस्ट्रीत असतो. कार्यक्रमांनी स्वतःला पिन करून घेण्याची अधिकृत सोय विंडोज ७ मध्ये हेतुतः ठेवलेली नव्हती. ती निवड वापरकर्त्याची मानण्यात आली. कार्यक्रम काढून टाकताना त्याचे पिन केलेले चिन्ह उतरविण्याची सोय होती. परंतु तिचा उपयोग करणे हे कार्यक्रमाच्या कर्त्यावर सोपविलेले होते. ज्यांनी तो केला नाही, त्यांचे चिन्ह मागे राहते. केवळ कार्यक्रमाचा फोल्डर पुसून टाकला, तरीही असेच घडते.

तिसऱ्या प्रकारातील यादी ही स्मरणासाठी असते. वापरकर्त्याने एखादे चिन्ह नेहमी दाखवावे असे एकदा ठरविले, तर कार्यक्रम पुढच्या वेळी सुरू झाल्यावर तो निर्णय पाळला जावा म्हणून कार्यक्रमाच्या फाइलीच्या मार्गासह नोंद ठेवली जाते. कार्यक्रम कायमचा गेला की तात्पुरता बंद आहे, हे या यादीस कळत नाही. शिवाय काही कार्यक्रम प्रत्येक सुधारित आवृत्तीसाठी नवा फोल्डर करतात. मार्ग बदलल्यामुळे त्यांची नोंद नवी समजली जाते व एकाच नावाच्या अनेक नोंदी यादीत साठतात.

निराकरण : पहिल्या प्रकारातील चिन्हे घालविण्यासाठी माउसचा दर्शक त्यांवरून सावकाश फिरविणे पुरेसे असते. चिन्हे झाकलेल्या भागात असतील, तर बाणाच्या बटनाने तो भाग आधी उघडावा लागतो. एवढ्याने ती न गेल्यास एक्सप्लोरर पुन्हा सुरू करावा. विंडोज ८ पासून टास्क मॅनेजरच्या यादीत एक्सप्लोररची निवड केल्यावर त्यास पुन्हा सुरू करण्याचे बटन मिळते. त्यापूर्वीच्या आवृत्त्यांत तो बंद करून नव्याने चालवावा लागे. या क्रियेत पट्टी क्षणभर नाहीशी होऊन परत येते. उघडलेले दस्तऐवज त्यामुळे बंद होत नाहीत. तथापि फोल्डरांच्या चौकटी बंद होतात व चालू असलेली फाइलींची नक्कल तुटू शकते, म्हणून ती आधी पूर्ण होऊ द्यावी. संगणक पुन्हा सुरू केल्यानेही हाच परिणाम साधतो. या चिन्हांसाठी रजिस्ट्रीत हात घालण्याचे कारण नाही, कारण ती केवळ स्मृतीत असतात.

दुसऱ्या प्रकारातील चिन्हावर टिचकी मारल्यास मूळ वस्तू हलविली, पुसली किंवा तिचे नाव बदलले असावे असा संदेश येतो व चिन्ह काढून टाकावे काय, अशी विचारणा होते; तीस होकार द्यावा. उजव्या बटनाने उघडणाऱ्या यादीतूनही ते उतरविता येते. क्वचित चिन्ह या दोन्ही उपायांना दाद देत नाही. अशा वेळी पिन केलेल्या शॉर्टकटांच्या फोल्डरातील संबंधित फाइल पुसून एक्सप्लोरर पुन्हा सुरू करतात. रजिस्ट्रीतील ‘टास्कबँड’ हा कप्पा पुसण्याचा उपायही सांगितला जातो. परंतु त्यामुळे पिन केलेली सर्वच चिन्हे जातात व ती पुन्हा एकेक करून बसवावी लागतात, हे लक्षात घेऊनच तो करावा.

तिसऱ्या प्रकारासाठी मात्र रजिस्ट्रीतील नोंदच काढावी लागते. विंडोज ७ ते विंडोज १० या आवृत्त्यांत ‘ट्रेनोटिफाय’ या कप्प्यात ‘आयकॉनस्ट्रीम्स’ व ‘पास्टआयकॉन्सस्ट्रीम’ अशी दोन मूल्ये असतात व सर्व चिन्हांची यादी त्यांत एकत्रित साठविलेली असते. एक्सप्लोरर ही यादी स्मृतीत बाळगतो व रीतसर बंद होताना रजिस्ट्रीत परत लिहितो. त्यामुळे तो चालू असताना मूल्ये पुसून नेहमीप्रमाणे संगणक बंद केला, तर जुनी यादी जशीच्या तशी परत येते. हा अनुभव घेऊन अनेक जण उपाय निष्फळ ठरल्याचे समजतात. वस्तुतः तेथे क्रम चुकलेला असतो. आधी टास्क मॅनेजरमधून एक्सप्लोरर थांबवावा, मग रजिस्ट्री संपादकातून दोन्ही मूल्ये पुसावीत आणि शेवटी टास्क मॅनेजरमधूनच एक्सप्लोरर चालू करावा. यादी पूर्ण रिकामी होत असल्याने कोणते चिन्ह दाखवावे वा झाकावे यांविषयीचे वापरकर्त्याचे पूर्वीचे सर्व निर्णयही नष्ट होतात.

विंडोज ११ च्या सुधारित आवृत्त्यांत या यादीची रचना अधिक सोयीची झाली आहे. ‘नोटिफायआयकॉनसेटिंग्ज’ या कप्प्यात प्रत्येक चिन्हासाठी स्वतंत्र उपकप्पा असून त्यात कार्यक्रमाच्या फाइलीचा मार्ग वाचता येतो. त्यामुळे जो कार्यक्रम संगणकात नाही त्याचाच उपकप्पा पुसता येतो व इतर नोंदींना धक्का लागत नाही.

चौथ्या, चित्रदोषाच्या प्रकारात चित्रांच्या साठ्याची फाइल एक्सप्लोरर थांबवून पुसावी लागते. ती पुन्हा आपोआप तयार होते. या फाइलीत कोणतीही मूळ माहिती नसल्याने ती पुसण्यात धोका नसतो.

दक्षता : रजिस्ट्री ही विंडोजची मध्यवर्ती नोंदवही असून प्रणाली सुरू होण्यापासून प्रत्येक कार्यक्रमाच्या मांडणीपर्यंतची माहिती तीत असते. रजिस्ट्री संपादकात केलेला बदल तत्काळ अमलात येतो व तो मागे घेण्याची सोय त्या संपादकात नाही. म्हणून पुसावयाच्या कप्प्याची प्रत आधी स्वतंत्र फाइलीत काढून ठेवणे आवश्यक आहे. ‘सर्व अनावश्यक नोंदी एका टिचकीत साफ’ करण्याचे आश्वासन देणारे कार्यक्रम पुष्कळ आहेत. मायक्रोसॉफ्टने अशा कार्यक्रमांच्या वापराचे समर्थन केलेले नाही. कोणती नोंद निरुपयोगी आहे, याविषयीचा त्यांचा निर्णय चुकला, तर कार्यक्रम किंवा प्रणालीच बंद पडू शकते. यादीतील जुनी नावे संगणकाचा वेग जाणवण्याइतका कमी करीत नाहीत. त्यामुळे काही नावे यादीत राहू देणे व प्रणाली धोक्यात न घालणे, हेच बहुतेक वापरकर्त्यांसाठी श्रेयस्कर होय.

परिणाम व महत्त्व : अवशिष्ट चिन्हांनी व्यापलेली जागा ही क्षुल्लक बाब आहे. अधिक महत्त्वाचा प्रश्न विश्वासाचा आहे. सूचना क्षेत्रातील चिन्ह हे वापरकर्त्यास मिळणारी ग्वाही असते. विषाणुरोधक कार्यक्रमाचे चिन्ह दिसत असेल, तर संगणक सुरक्षित आहे. प्रती ठेवणाऱ्या कार्यक्रमाचे चिन्ह दिसत असेल, तर आजचे काम दुसरीकडेही साठविले गेले आहे, असे तो समजतो. कार्यक्रम कोसळून केवळ चिन्ह उरले असेल, तर ही ग्वाही खोटी ठरते. दर्शक त्या चिन्हाजवळ गेला नाही, तर ही स्थिती तासन्‌तास टिकू शकते आणि प्रतीची गरज पडेल त्याच दिवशी ती उघडकीस येते.

चिन्ह व संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे यासंदर्भात ध्यानात ठेवावयास हवे. विषाणुरोधक कार्यक्रमाचे मुख्य काम सामान्यतः पार्श्वभूमीवरील सेवा करते, तर चिन्ह दाखविण्याचे काम दुसरा, लहान कार्यक्रम करतो. विंडोज व्हिस्टा (२००७) पासून सेवांना वापरकर्त्याच्या पडद्यापासून वेगळे ठेवण्यात आल्याने ही विभागणी अपरिहार्य झाली. त्यामुळे चिन्ह नाहीसे झाले तरी सेवा चालू असू शकते आणि चिन्ह असले तरी सेवा बंद असू शकते. खरी स्थिती जाणण्यासाठी विंडोजच्या सुरक्षाविषयक पृष्ठावर किंवा त्या कार्यक्रमाच्या मुख्य चौकटीत पाहावे. प्रतींच्या बाबतीत शेवटच्या प्रतीची तारीख पाहणे हीच विश्वसनीय कसोटी होय. शंका आल्यास चिन्हावरून दर्शक फिरवून पाहावा; ते टिकले, तर निदान चिन्हाचा धनी अस्तित्वात आहे एवढे कळते.

दृष्टिहीन व्यक्ती पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या कार्यक्रमाच्या साहाय्याने व कळफलकाद्वारे टास्कबार वापरतात. विंडोज व बी या कळा एकत्र दाबल्यास सूचना क्षेत्रात जाता येते व तेथून एकेक चिन्ह ऐकता येते. डोळस वापरकर्त्यास गर्दीतून हवे ते चिन्ह एका दृष्टिक्षेपात सापडते. ऐकणाऱ्यास मात्र मधले प्रत्येक निरर्थक चिन्ह ओलांडावे लागते. त्यामुळे टास्कबारची स्वच्छता ही त्यांच्या दृष्टीने सुबकतेपेक्षा श्रमाची व वेळेची बाब असते.

जुन्या नोंदींना एक वेगळे महत्त्वही आहे. ‘आयकॉनस्ट्रीम्स’ या मूल्यात कार्यक्रमांच्या फाइलींचे मार्ग इंग्रजी वर्णमालेतील प्रत्येक अक्षर तेरा स्थाने पुढे सरकवून लिहिलेले असतात. हे गुप्तलेखन नव्हे, कारण तीच क्रिया पुन्हा केली की मूळ मजकूर मिळतो. काढून टाकलेला एखादा कार्यक्रम त्या संगणकावर पूर्वी चालविला गेला होता, हे दाखविण्यासाठी संगणकीय न्यायसाहाय्यक तपासणीत अशा नोंदींचा उपयोग होतो. म्हणून ज्या संगणकाची चौकशी होण्याची शक्यता आहे, त्यावरील यादी साफ करणे उचित नाही.

अन्य प्रणालींतील स्थिती : लिनक्स व तत्सम प्रणालींवरील एक्स या चौकट-व्यवस्थेत सूचना क्षेत्रातील चिन्हासाठी निराळी योजना केलेली होती. तेथे चिन्ह म्हणजे त्या कार्यक्रमाचीच एक लहान चौकट असून ती पट्टीत बसविली जाई. कार्यक्रमाचा संबंध तुटला की एक्सचा सेवा-कार्यक्रम सामान्यतः त्याच्या सर्व चौकटी नष्ट करतो व पट्टीस ते कळते. म्हणून भुताची चिन्हे सहसा उरत नाहीत. त्यानंतर आलेल्या डी-बस या संदेशवाहिनीवर आधारित योजनेतही एखादा कार्यक्रम वाहिनीवरून गेल्याची वर्दी वाहिनीच देते. नोम या पडदा-व्यवस्थेने २०१७ मध्ये ३·२६ या आवृत्तीत चिन्हांचे जुने तबकच काढून टाकले. ॲपल कंपनीच्या मॅक ओएस टेन (२००१) या प्रणालीपासून असलेल्या डॉकमध्ये, ज्याचा मूळ कार्यक्रम सापडत नाही अशा चिन्हाच्या जागी प्रश्नचिन्ह दिसते व ते पट्टीबाहेर ओढून काढून टाकता येते. नोंद निराधार झाल्याचे येथे लपविले जात नाही, हा या पद्धतीचा गुण होय.

प्रतिबंध : कार्यक्रमाच्या कर्त्याने बंद होण्याच्या प्रत्येक मार्गावर चिन्ह काढण्याची विनंती करणे, टास्कबार नव्याने निर्माण झाल्याची घोषणा ऐकून चिन्ह पुन्हा बसविणे आणि कार्यक्रम काढून टाकताना पिन केलेले चिन्हही उतरविणे, या तीन गोष्टी पाळल्यास बहुतेक अवशिष्ट चिन्हे निर्माणच होणार नाहीत. वापरकर्त्याने सूचना क्षेत्रातील कार्यक्रम सक्तीने थांबविण्याऐवजी त्याच्या चिन्हावरील यादीतून बंद करावा. नको असलेला कार्यक्रम फोल्डर पुसून न घालविता विंडोजच्या रीतसर सोयीने काढावा व त्यापूर्वी त्याचे पिन केलेले चिन्ह उतरवावे. एवढे करूनही एखाद्या कार्यक्रमाची चिन्हे वारंवार मागे राहत असतील, तर ती पुसत बसण्यापेक्षा तो कार्यक्रम का कोसळतो याचा शोध घ्यावा; त्याची सुधारित आवृत्ती बसविणे किंवा तो काढून टाकणे हा अशा वेळी योग्य उपाय ठरतो.